लिनक्सवर येताना आधी मराठी, मग सजावट

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुण्यातल्या घरांमधले, शिकवणीवर्गांमधले आणि सोसायट्यांच्या कार्यालयांमधले अनेक धडधाकट लॅपटॉप अडचणीत आले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१५-१६ च्या सुमारास घेतलेला, पडदा आणि कळफलक अजून उत्तम असलेला संगणकही तिथे अपात्र ठरतो. असा संगणक भंगारात देण्याआधी त्यावर लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मुक्त कार्यप्रणाली बसवून पाहावी. ते कसे करावे, आणि बसवल्यानंतर डेस्कटॉप आपल्या हाताला कसा लावून घ्यावा, हे येथे सांगितले आहे.

या विषयावरचे बहुतेक मार्गदर्शन वॉलपेपर, आयकॉन आणि पारदर्शक पॅनेल यांपासून सुरू होते. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. ज्याला तिसऱ्या दिवशी ‘ळ’ कुठे आहे हे सापडत नाही, ज्याच्या जुन्या पत्रांतली अक्षरे ओळखू येत नाहीत आणि ज्याचा प्रिंटर गप्प बसला आहे, तो कितीही सुंदर डेस्कटॉप असला तरी परत जातो. म्हणून आधी काम, त्यानंतर मराठी आणि शेवटी रंगरूप, हा क्रम पाळावा.

कामाची यादी

एक कागद घ्यावा आणि गेल्या महिन्याभरात संगणकावर जे जे उघडले त्याची यादी करावी. ब्राउझर, ईमेल, यूट्यूब, बँकेची आणि महापालिकेच्या मिळकतकराची संकेतस्थळे, व्हॉट्सॲप वेब, झूमसारख्या बैठका, पत्रे आणि हिशेबाचे तक्ते एवढेच त्या यादीत असेल, तर लिनक्सवर काहीच अडत नाही. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही मिळतात, आणि लिब्रेऑफिसमध्ये वर्ड व एक्सेलच्या फायली उघडतात. गुंतागुंतीची मांडणी किंवा मॅक्रो असलेल्या फायली मात्र आधी उघडून तपासाव्यात, कारण तिथे फरक पडू शकतो.

यादीत टॅली, ऑटोकॅड, फोटोशॉप, कोरलड्रॉ किंवा श्री-लिपी यांपैकी काही असेल, तर थांबून विचार करावा. ही सॉफ्टवेअर लिनक्ससाठी बनवली जात नाहीत. वाइन नावाच्या व्यवस्थेतून काही जुन्या आवृत्त्या चालतात, पण ज्यावर पोट अवलंबून आहे ते काम अशा जोडणीवर ठेवू नये. नारायण पेठेत किंवा अप्पा बळवंत चौकाच्या आसपास अक्षरजुळणीचा व्यवसाय करणाऱ्याला मी सरसकट लिनक्सवर या असे सांगणार नाही. त्याने व्यवसायाचा संगणक आहे तसा ठेवावा आणि घरच्या संगणकावर लिनक्स वापरावे, किंवा एकाच संगणकावर दोन्ही ठेवावीत. जीएसटी अथवा कंपनी विवरणपत्रांसाठी डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी आपल्या टोकनाच्या कंपनीकडे लिनक्सचे सॉफ्टवेअर आहे का, हे आधीच पाहावे.

प्रिंटरची चौकशीही याच वेळी करावी. एचपीच्या बहुसंख्य प्रिंटरांसाठी लिनक्समध्ये एचपीलिप ही तयार व्यवस्था असते. ब्रदर आणि एप्सन आपल्या अनेक प्रिंटरांचे ड्रायव्हर लिनक्ससाठी देतात. आपल्याकडे लहान कार्यालयांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र कॅप्ट ही कंपनीची स्वतःची भाषा बोलतो. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो आणि नवख्या माणसाला ते जड जाते.

आता जुन्या मराठी मजकुराकडे येऊ, कारण या टप्प्याची आठवण लोकांना बहुधा उशिरा होते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक संकेत देणारी जागतिक पद्धत, रुळण्यापूर्वीची मराठी पत्रे, पत्रिका, इतिवृत्ते आणि प्रबंध श्री-लिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख यांसारख्या फॉन्टांत लिहिलेले असतात. त्या फायलींत खरे तर रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. फॉन्ट नसला की मजकूर निरर्थक चिन्हांचा दिसतो. म्हणून विंडोज अजून चालू असतानाच दोन गोष्टी कराव्यात. महत्त्वाच्या अशा प्रत्येक फायलीची पीडीएफ प्रत काढून ठेवावी, म्हणजे वाचण्याची सोय कायम राहील. आणि ज्या फायलींत पुढेही बदल करायचे आहेत त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून, रफार, रकार आणि पहिली वेलांटी योग्य जागी आली आहेत की नाही, हे डोळ्यांखालून घालावे. रूपांतर करणारी साधने बहुतेक चुका याच तीन ठिकाणी करतात.

कोणता डिस्ट्रो निवडावा

डिस्ट्रो म्हणजे लिनक्सची वापरायला तयार अशी आवृत्ती. असे डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत, पण पहिल्यांदा येणाऱ्याने या चर्चेत फार वेळ घालवू नये. लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्यावी. खाली पॅनेल, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ ही तिची मांडणी विंडोज वापरलेल्या हाताला लगेच समजते. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. मिंटची किमान गरज २ जीबी मेमरीची असली, तरी ४ जीबीच्या खाली आधुनिक ब्राउझर सुखाने चालत नाही. ४ जीबी किंवा त्याहून कमी मेमरी असेल, तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. सी-डॅकने डेबियनवर आधारून तयार केलेली बॉस ही भारतीय भाषांचा विचार करणारी प्रणालीही आहे. मात्र अडचणींची उत्तरे सहज सापडावीत या दृष्टीने पहिल्या खेपेला मिंट किंवा उबुंटू बरे, असे माझे मत आहे.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवण्यावर करावेत. जुन्या लॅपटॉपच्या वेगात याने जितका फरक पडतो तितका कोणत्याही डिस्ट्रोने पडत नाही. शिवाय काढलेली जुनी डिस्क, आतल्या सर्व मजकुरासह, सुरक्षित प्रत म्हणून कपाटात ठेवता येते. तापकीर गल्लीतून एसएसडी आणावी आणि ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून ती बसवून घ्यावी.

बसवण्याची तयारी

आपल्या सर्व फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असल्याशिवाय पुढे जाऊ नये. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन हे डिस्क कुलूपबंद करणारे संरक्षण चालू आहे का, तेही तपासावे. ते चालू असेल तर त्याची पुनर्प्राप्तीची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी. बायोसमधले, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ व्यवस्थेतले, काही बदलल्यावर विंडोज ती किल्ली मागू शकते आणि ती नसेल तर आतला मजकूर हाती लागत नाही. दोन्ही प्रणाली ठेवायच्या असतील तर विंडोजमधला फास्ट स्टार्टअप हा पर्याय बंद करावा, अन्यथा विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट निद्रेत जाते आणि लिनक्समधून त्या डिस्कवर लिहिता येत नाही.

मिंटच्या संकेतस्थळावरून सुमारे ३ जीबीची आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणालीची एकत्र प्रत) उतरवावी. तिथे दिलेल्या शा-२५६ खुणेशी (फाइलवरून काढलेल्या लांब संकेताशी) ती ताडून पाहावी, कारण तुटक इंटरनेटवर उतरवलेली फाइल कधी कधी सदोष असते आणि तो दोष ऐन बसवताना उघड होतो. त्यानंतर रुफस किंवा बलेनाएचर हे साधन वापरून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व काही पुसले जाते, हे लक्षात ठेवावे. संगणक सुरू करताना डेल, लेनोवो आणि एसर यांवर सामान्यतः एफ-१२, एचपीवर एफ-९ आणि असूसवर एस्केप ही कळ दाबली की कशावरून सुरू करायचे ते विचारणारी यादी येते.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झाले की लगेच बसवायला घेऊ नये. या अवस्थेत डिस्कला हात न लावता सगळे काही पाहता येते आणि हा वेळ सत्कारणी लावावा. वायफाय जोडून पाहावे, आवाज ऐकावा, कॅमेरा उघडावा, पडद्याचा उजेड कमीजास्त करावा, लॅपटॉपचे झाकण मिटून पुन्हा उघडावे. काही ब्रॉडकॉम आणि रिअलटेक वायफाय चिपांना वेगळा ड्रायव्हर लागतो. तशी अडचण आली तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्यावर यूएसबी टेदरिंग चालू करावे. इंटरनेट लगेच मिळते आणि मग ड्रायव्हर मॅनेजर हवा तो ड्रायव्हर आणून देतो. बसवताना डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये डिस्कची पद्धत रेड किंवा इंटेल आरएसटी अशी आहे का ते पाहावे; ती एएचसीआय करावी लागते. विंडोज कायम ठेवायचे असल्यास हा बदल विंडोजला आधी तयार केल्याशिवाय करू नये, कारण त्यानंतर विंडोज सुरू होत नाही.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार बहुधा गुरुवार असतो. तो टाळावा आणि चार्जर जोडलेला असावा. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ आणि ‘विंडोजशेजारी बसवा’ या दोन पर्यायांतला आपला कोणता, हे दोनदा वाचून मगच पुढे जावे. लॅपटॉप रोज बसमधून किंवा दुचाकीवरून नेला जात असेल, तर डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय अवश्य निवडावा. बसवताना मल्टिमीडिया कोडेक्सच्या (ध्वनी-चित्रफिती चालवणाऱ्या साधनांच्या) चौकटीवर खूण केली आणि सिक्युअर बूट (ओळखीचेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सुरक्षा) चालू असेल, तर एक तात्पुरता पासवर्ड ठरवायला सांगितले जाते. पुढच्या वेळी सुरू होताना एक निळा पडदा येतो. त्यावर एनरोल मॉक निवडून तोच पासवर्ड द्यावा. बरेच जण हा पडदा पाहून घाबरतात आणि तसेच पुढे जातात. मग एनव्हिडियाचा ड्रायव्हर किंवा वायफाय चालत नाही.

दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांना पहिल्याच दिवशी विंडोजमधले घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले दिसेल. लिनक्स संगणकाच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजते, एवढेच त्याचे कारण आहे. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, टाइमडेटसीटीएल या आज्ञेचा लोकल-आरटीसी पर्याय चालू केला की दोघांचे जुळते.

मराठी नीट करून घेणे

पहिली अद्यतने झाली की सिस्टिम सेटिंग्जमधून भाषेकडे वळावे. मेनू आणि सूचनांची भाषा मराठी करता येते, पण डेस्कटॉपचे मराठी भाषांतर सर्वत्र पूर्ण नसल्यामुळे अर्धे मेनू मराठीत आणि अर्धे इंग्रजीत दिसतात. शिवाय अडचणीचे उत्तर शोधताना इंग्रजी नावे माहीत असणे उपयोगी पडते. म्हणून सुरुवातीला मेनूंची भाषा इंग्रजी आणि तारीख, चलन, कागदाचा आकार यांसाठी भारत, अशी जोडी ठेवावी. घरातल्या ज्येष्ठांसाठी स्वतंत्र खाते उघडून तिथे मराठी निवडावी. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस ही रोजची दोन साधने मराठीतून उपलब्ध आहेत आणि त्यांच्यापुरते मराठी मेनू नक्की वापरून पाहावेत.

मराठी टंकलेखनाचे दोन मार्ग आहेत. ज्यांना इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी येते त्यांना वेगळे काही बसवावे लागत नाही. कीबोर्ड सेटिंग्जमधल्या लेआउट्स या भागात भारताच्या यादीतून मराठी किंवा देवनागरी मांडणी जोडली की काम झाले. इनस्क्रिप्ट ही १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेली मांडणी आहे. बहुतेक भारतीय लिप्यांना ती सारखीच असल्यामुळे आणि प्रत्येक प्रणालीत ती आधीपासून असल्यामुळे जो आज नव्याने शिकणार आहे त्याने तीच शिकावी, असे मी आग्रहाने सांगेन. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला असतात. ‘ल’च्या कळेवर शिफ्टसह ‘ळ’ आणि ‘र’च्या कळेवर शिफ्टसह ‘ऱ’ मिळतो.

ज्यांची बोटे गमभन, मिंग्लिश (रोमन कळांनी उच्चारानुसार मराठी लिहिण्याच्या पद्धती) किंवा टाइपरायटरच्या मांडणीला सरावली आहेत, त्यांनी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन हे टंकलेखनाच्या पद्धतींचे पॅकेज बसवावे. त्यानंतर इनपुट मेथड या साधनात आयबस निवडावे, एकदा लॉग आउट करून परत यावे, आणि आयबसच्या पसंतींमध्ये मराठीखालच्या पद्धतींपैकी आपली पद्धत जोडावी. इंग्रजी आणि मराठी यांची अदलाबदल करणारी कळही इथेच ठरवता येते. केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपच्या नव्या आवृत्त्या वेलँड या पडद्यावर चित्र दाखवण्याच्या नव्या पद्धतीवर चालत असल्याने तिथे आयबसऐवजी एफसीटिक्स ५ अधिक भरवशाचे ठरते. ते बसवून सेटिंग्जमधल्या व्हर्च्युअल कीबोर्ड या पानावर निवडावे लागते. नाव कळफलकाचे असले तरी टंकलेखनाची पद्धत तिथूनच सुरू होते, आणि हे माहीत नसल्यामुळे अनेकांना प्लाझ्मावर मराठी येतच नाही असे वाटते.

टंकलेखन सुरू झाले की एक चाचणी वाक्य लिहून पाहावे. ‘दुसऱ्या पंक्तीत श्रीखंड, शंकरपाळ्या आणि लाडू वाढून ॲडव्होकेट दुर्गाताई उठल्या’ असे काहीतरी चालेल. यात ‘ऱ्या’ ची चंद्रकोर, ‘ॲ’, ‘श्री’, ‘ळ्या’ आणि रफार हे सगळे येते. ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ ला हलंत देऊन, किंवा साध्या ‘र’ ला हलंत आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना अनेक साधने त्यांना वेगळे शब्द मानतात. त्यामुळे आपली पद्धत कोणता प्रकार लिहिते हे एकदा पाहून ठेवावे आणि शक्यतो पहिलाच प्रकार वापरावा. ‘ॲ’ बाबतही तेच. त्यासाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे आणि ‘अ’ वर अर्धचंद्र चढवून केलेली जोड टाळावी.

आता फॉन्ट. रेड हॅटने पुढे आणलेला लोहित आणि गूगलचा नोटो सान्स देवनागरी हे दोन फॉन्ट बहुतेक ठिकाणी मिळतात. दोन्ही वाचनीय आहेत. मेनू आणि पॅनेलसाठी मला मुक्त हा फॉन्ट अधिक आवडतो, कारण लहान आकारातही त्याच्या मात्रा मोकळ्या राहतात. दीर्घ वाचनासाठी टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घ्यावा. टिरोच्या हिंदी, संस्कृत आणि मराठी अशा वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत आणि मराठीच्या आवृत्तीत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेबद्दल काढलेल्या निर्णयात या दोन अक्षरांच्या मराठी रूपांचा आग्रह धरला होता. आपल्या संगणकावर ती तशी दिसावीत यासाठी थोडे श्रम घेणे मला महत्त्वाचे वाटते. उतरवलेल्या फॉन्टच्या फायलीवर दोनदा क्लिक केले की ती बसवण्याचे बटण येते. त्यासाठी प्रशासकाचा पासवर्डही लागत नाही.

काही फॉन्टांमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही रूपे एकाच फायलीत असतात आणि मजकूर मराठी आहे असे सांगितल्यावरच मराठी रूप दिसते. लिब्रेऑफिसला हे सांगण्यासाठी ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथली मूळ भाषा मराठी करावी. रायटरच्या पानावर त्या लिपीसाठी वेगळा फॉन्ट ठरवण्याची जागा आहे, तिथे आपला मराठी फॉन्ट द्यावा. वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलूनही देवनागरी का बदलत नाही, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा इथे असते. शुद्धलेखन तपासण्यासाठी मराठीचा हन्स्पेल शब्दकोश बसवावा. तो परिपूर्ण नाही, विभक्ती लागलेल्या रूपांना तो पुष्कळदा विनाकारण लाल रेघ देतो, तरी टंकलेखनातल्या घसरणी त्याने सापडतात. फायरफॉक्समध्ये फॉन्टच्या प्रगत सेटिंग्जमध्ये लिपी म्हणून देवनागरी निवडून तिच्यासाठी वेगळा फॉन्ट आणि किमान आकार देता येतो. मराठी वृत्तपत्रे पडद्यावर वाचणाऱ्याने हे एवढे तरी करावेच. डोळ्यांना पडणारा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

डेस्कटॉप आपलासा करणे

सिनॅमन हा मिंटचा डेस्कटॉप, म्हणजे पॅनेल, मेनू आणि विंडो यांची एकत्रित व्यवस्था, आवडला तर तिथेच राहावे, पण इतर डेस्कटॉपांचा स्वभाव माहीत असावा. १९९६ साली सुरू झालेला केडीई प्रकल्प प्लाझ्मा बनवतो. जवळजवळ प्रत्येक गोष्ट सेटिंग्जमधून बदलता यावी, अशी त्याची धारणा आहे. १९९७ साली सुरू झालेला ग्नोम याच्या उलट जातो: तो एक ठरीव, स्वच्छ कार्यपद्धती देतो आणि तिच्याशी जुळवून घेण्याची अपेक्षा ठेवतो. त्यात बदल करायचे तर एक्स्टेन्शन्स (छोटी पूरक साधने) वापरावी लागतात आणि दर सहा महिन्यांनी येणाऱ्या नव्या आवृत्तीत त्यांतली काही बंद पडतात. ज्याला ग्नोम मुळातच पटत नाही त्याने डझनभर एक्स्टेन्शन्स लावून तो बदलण्यापेक्षा प्लाझ्मा घ्यावा. एक्सएफसीई हलका आणि स्थिर आहे, वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही, आणि अनेकांसाठी हाच त्याचा गुण आहे. एकाच खात्यात दोन-तीन डेस्कटॉप एकत्र बसवू नयेत. त्यांची साधने, थीम आणि सेटिंग्ज एकमेकांत मिसळतात आणि पुढे काय कुठून आले ते उमगत नाही. तुलना करायची तर प्रत्येकाचा पेनड्राइव्ह बनवून पाहावा.

बदल सुरू करण्याआधी टाइमशिफ्ट हे साधन उघडून प्रणालीचा एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळच्या स्थितीची परत आणता येणारी प्रत, घ्यावा. तो मूळ स्थितीत आपल्या वैयक्तिक फायली घेत नाही. त्यांची प्रत स्वतंत्रपणे बाहेरच्या डिस्कवर ठेवावी लागते. त्यानंतर वापरकर्त्यांच्या यादीत ‘प्रयोग’ नावाचे एक वेगळे खाते उघडावे. डेस्कटॉपची सेटिंग्ज प्रत्येक खात्याची वेगळी असतात, त्यामुळे नवी थीम, नवे ॲपलेट (पॅनेलवरचे छोटे साधन), नवी मांडणी त्या खात्यात मोकळेपणाने करून पाहता येते. तिथे काही बिघडले तर ते खाते पुसून नवे उघडावे. कामाचे खाते जसेच्या तसे राहते. डेस्कटॉपच्या सजावटीबद्दल मला सांगायची सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच आहे.

पहिला बदल पडद्याच्या मोजमापाचा असावा. १४ इंची पडद्यावर पूर्ण एचडी चित्र असेल तर अक्षरे बारीक दिसतात. सिनॅमनमध्ये पडद्याचे अपूर्णांकातले मोजमाप बदलण्यापेक्षा फॉन्टच्या पानावरचा मजकुराचा गुणक १.१ किंवा १.२ करावा. त्याने चित्र धूसर होत नाही आणि जुन्या ग्राफिक्स चिपवर ताण येत नाही. प्लाझ्मावर मात्र १२५ टक्के मोजमाप नीट चालते. मजकूर वाढवल्यावर पॅनेलची उंचीही वाढवावी. अरुंद पॅनेलमध्ये आणि काही थीमच्या विंडोपट्टीत इंग्रजी नीट दिसते, पण ‘र्की’ किंवा ‘ठ्ठ्यां’ सारख्या अक्षरांचा वरचा किंवा खालचा भाग कापला जातो. थीम बनवणाऱ्यांनी देवनागरी समोर ठेवलेली नसते, म्हणून मराठी नावाची एखादी फाइल उघडून शीर्षक पूर्ण दिसते का, यावर थीमची निवड करावी.

त्यानंतर पॅनेल. लॅपटॉपचा पडदा रुंद आणि बुटका असतो, त्यामुळे पॅनेल डाव्या कडेला उभे ठेवले तर वाचायला अधिक ओळी मिळतात. मग विंडोंची नावे न दाखवता केवळ आयकॉन दाखवणारी मांडणी ठेवावी. रोज लागणारी पाच-सहा साधनेच पॅनेलवर ठेवावीत. बाकीची विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून नावाची दोन-तीन अक्षरे टाइप केली की समोर येतात, आणि या सवयीने माउसचा वापर निम्म्याने कमी होतो. कामे वेगळी ठेवण्यासाठी वर्कस्पेस, म्हणजे एकाच पडद्यावरच्या आलटून-पालटून दिसणाऱ्या स्वतंत्र जागा, वापराव्यात: एकावर पत्रव्यवहार, दुसऱ्यावर हिशेब, तिसऱ्यावर संगीत. सिनॅमनमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि डावा-उजवा बाण यांनी एकीवरून दुसरीवर जाता येते. रात्री उशिरापर्यंत वाचणाऱ्यांनी नाइट लाइट (रात्री पडद्याचा निळसर उजेड कमी करणारी सोय) चालू करावा. मिंट २२.१ पासून तो सिनॅमनमध्येच आहे.

रंग आणि आयकॉन आता आले तरी चालतील. त्याबद्दल एकच सावधगिरी बाळगावी. थीमच्या दालनात मिळणारी प्रत्येक वस्तू निरुपद्रवी नसते. मार्च २०२४ मध्ये केडीईच्या दालनातल्या एका ग्लोबल थीममुळे (डेस्कटॉपचे सगळे रंगरूप एकदम बदलणाऱ्या संचामुळे) एका वापरकर्त्याच्या फायली पुसल्या गेल्या आणि प्रकल्पाला जाहीर सूचना द्यावी लागली. ग्लोबल थीम स्वतःचा कोड चालवू शकते, ही त्यामागची तांत्रिक बाब होती. केवळ रंगसंगती, वॉलपेपर आणि आयकॉन यांत तो धोका जवळजवळ नसतो. बाकीचे काही उतरवायचे असेल तर ते किती जुने आहे आणि त्याच्याखाली लोकांनी काय लिहिले आहे ते वाचावे, आणि आधी ‘प्रयोग’ खात्यात लावावे.

मनासारखे झाले की सेटिंग्जची प्रत काढावी. घरच्या फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच या कळा दाबल्या की लपलेली फोल्डरे दिसतात. त्यांपैकी ‘डॉट कॉन्फिग’, ‘डॉट लोकल’, ‘डॉट थीम्स’ आणि ‘डॉट आयकॉन्स’ यांत डेस्कटॉपचे जवळजवळ सर्व काही असते. बाहेरच्या डिस्कवर त्यांची तारीख घातलेली प्रत असली की नव्या संगणकावर पुन्हा पहिल्यापासून मांडामांड करावी लागत नाही.

अडले तर विचारताना डिस्ट्रोची आवृत्ती, डेस्कटॉपचे नाव आणि लॅपटॉपचे मॉडेल सांगावे. मिंटमधल्या सिस्टिम इन्फर्मेशन या साधनातून ही माहिती एका बटणाने उचलता येते. पुण्यात लिनक्सवर काम करणारे अभियंते पुष्कळ आहेत, पुणे लिनक्स युजर्स ग्रुप हा जुना गट आहे, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतही मुक्त सॉफ्टवेअरचे गट चालतात. त्यामुळे विचारायला माणूस सापडतो. ‘चालत नाही’ एवढेच न सांगता काय केले आणि पडद्यावर कोणता संदेश आला, ते शब्दशः सांगितले की उत्तर लवकर मिळते.

अपडेट मॅनेजरमधली अद्यतने आठवड्यातून एकदा घ्यावीत. २२ वरून २२.१, २२.२ असे जाणे सोपे असते आणि तेही तिथूनच होते. पुढच्या मोठ्या मालिकेवर जाताना मात्र घाई करू नये. ती प्रसिद्ध झाल्यावर महिनाभर थांबावे, टाइमशिफ्टचा नवा स्नॅपशॉट घ्यावा, बाहेरून आणलेली ॲपलेट आणि थीम बंद करून मिंटची मूळ थीम लावावी आणि मग अपग्रेड करावे. नव्या आवृत्तीवर मराठी टंकलेखन, फॉन्ट आणि प्रिंटर पूर्वीसारखे चालतात याची खात्री झाल्यावर बंद केलेली ॲपलेट एकेक करून चालू करावीत. ज्याच्यामुळे पॅनेल अडखळते किंवा मेमरी वाढते, ते त्याच्या निर्मात्याची नवी आवृत्ती येईपर्यंत बंदच ठेवावे.